बर्फातला पीटर

वेगळ्या रंगाच्या, वेगळ्या घरच्या माणसाचा मान राखावा, हे चार-पाच वर्षांच्या मुलाला उपदेशाने शिकविता येत नाही. प्रवचने देण्यात आयुष्य घालविलेल्या आम्हांला हे कबूल करताना संकोच वाटत नाही. म्हणूनच आमच्या धर्मग्रामाच्या वाचनालयात गोष्टींचा तास सुरू करताना आम्ही एझ्रा जॅक कीट्स यांचे 'द स्नोई डे' हे अमेरिकन चित्रपुस्तक निवडले.

१९६२ साली निघालेल्या या पुस्तकात कथानक म्हणावे असे फारसे नाही. पीटर सकाळी खिडकीबाहेर बर्फ पाहतो, लाल पोशाख चढवून बाहेर पडतो, पावलांचे ठसे उमटवितो, उताणे पडून हातपाय हलवीत बर्फात देवदूत काढतो आणि बर्फाचा एक गोळा उद्यासाठी खिशात ठेवतो. रात्री खिसा रिकामा सापडतो. पीटर कृष्णवर्णीय आहे, हे पुस्तकातील एकही वाक्य सांगत नाही. ते केवळ चित्रांतून दिसते. त्याचे दुःख वर्णाचे नाही, वितळलेल्या बर्फाचे आहे, आणि कोणत्याही मुलाला ते तत्काळ आपले वाटते.

कीट्स हे पोलंडहून आलेल्या ज्यू आईबापांचे ब्रुकलिनमध्ये वाढलेले पुत्र. ज्यूद्वेषाच्या झळीमुळे त्यांनी १९४७ साली आपले 'काट्झ' हे आडनाव बदलले होते. परक्याची हेटाळणी त्यांना ऐकून ठाऊक नव्हती. १९६३ साली या पुस्तकाला कॅल्डेकॉट पदक मिळाले. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाने २०२० साली आपल्या सव्वाशे वर्षांतील सर्वाधिक वाचकांनी घरी नेलेल्या पुस्तकांची यादी काढली, तिच्या अग्रभागी हेच होते: ४,८५,५८३ वेळा.

तरीही पुस्तकावर टीका झाली. नॅन्सी लॅरिक यांनी १९६५ साली एका गाजलेल्या लेखात तीन वर्षांतील ५,२०६ बालपुस्तके तपासून दाखविले की, त्यांपैकी अवघ्या ३४९ पुस्तकांत एखादी तरी कृष्णवर्णीय व्यक्ती आढळते. त्याच लेखात पीटरच्या भडक पिवळ्या पोशाखातील स्थूल आईवर त्यांनी बोट ठेवले. पुढे काही टीकाकारांनी वर्णाविषयीच्या मौनालाच दोष दिला. आईविषयीचा आक्षेप आम्हांला अगदीच अनाठायी वाटत नाही. मौनाविषयीचा मात्र पटत नाही. पीटरने आपल्या रंगाचे स्पष्टीकरण का द्यावे? गोऱ्या मुलाला ते कोणी विचारीत नाही.

अडचण येते ती पुस्तक मिटल्यावर, हस्तकलेच्या वेळी. या गोष्टीला जोडून बहुधा निळ्या कागदावर कापूस चिकटविण्याचा खेळ घेतला जातो. बर्फ होतो, पीटर नाहीसा होतो! वास्तविक कीट्स यांनी ही चित्रे कागद-कापडाचे तुकडे चिकटवूनच केली आहेत. दात घासण्याच्या ब्रशाने शाई उडवून त्यांनी करडी पार्श्वभूमी साधली, तर खोडरबर कापून त्याच्या ठशांनी हिमकण उमटविले. म्हणून आम्ही कापूस बाजूला ठेवला आणि मुलांना पीटरच कापावयास सांगितला.

तेव्हा एका मुलीने शेजारणीकडे 'स्किन कलर' मागितला. शेजारणीने मुकाट्याने फिकट गुलाबी खडू दिला. दोघींचे हात वसईच्या उन्हातले, छान गव्हाळ-सावळे. एका प्रसिद्ध अमेरिकन रंगखडू कंपनीने आपल्या अशाच खडूचे 'फ्लेश' म्हणजे 'मांस' हे नाव १९६२ सालीच, पीटरच्या जन्मवर्षीच, बदलून 'पीच' केले होते. आमच्या मुलांच्या तोंडी मात्र अजून तोच अंगाचा रंग आहे. आम्ही रागावलो नाही. तो खडू तिच्याच मनगटाजवळ धरला आणि पुन्हा पुस्तकाचे पान उघडले. तिने बराच वेळ दोन्हींकडे पाहिले, मग तपकिरी कागदाचा गठ्ठा ओढून घेतला. कोणता तपकिरी, यावर त्या कोपऱ्यात चांगलाच वाद झाला.

तिला दोष देण्याचा अधिकार आम्हांला नाही. ती दर नाताळात आमच्या गोठ्यापुढे गुडघे टेकते, आणि गोठ्यातील बाळ येशू, पवित्र मारिया, सगळे देवदूत त्याच गुलाबी खडूचे आहेत. सावळा चेहरा एकच, भेट घेऊन आलेल्या एका राजाचा. पुतळे जुने झाले आहेत, रंगही उडाला आहे. यंदा ते रंगविण्याचे काम आम्ही त्या कोपऱ्यातल्या मुलांकडे सोपविणार आहोत.