मानवकेंद्री कृत्रिम बुद्धिमत्ता आणि सर्जनशीलता : 'मानव' एकवचनी की बहुवचनी?

कृत्रिम बुद्धिमत्ता आणि सर्जनशीलता यांच्या संबंधाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या नवसंशोधकाला बेन श्नायडरमन यांची मांडणी टाळून पुढे जाता येत नाही. मेरीलँड विद्यापीठाच्या या अभ्यासकाने २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात 'मानवकेंद्री कृत्रिम बुद्धिमत्ता' ही संकल्पना विस्ताराने विशद केली. यंत्राची स्वयंचलितता वाढली की माणसाचे नियंत्रण घटते, हे रूढ गृहीतक त्यांनी नाकारले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी उच्च पातळीवर नांदू शकतात, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन होय. डिजिटल कॅमेऱ्याचे त्यांनी दिलेले उदाहरण बोलके आहे. प्रकाशाचे प्रमाण व फोकस यंत्र सांभाळते. चौकट कोणती निवडावी आणि कळ केव्हा दाबावी, हे मात्र छायाचित्रकारच ठरवितो.

सुरक्षितता, विश्वासार्हता आणि बाह्य देखरेख यांचाही विचार या मांडणीत आहे. तथापि सर्जनाचा प्रश्न आला की तिच्यातील 'मानव' एकवचनी होऊन बसतो. साधन वापरणारी व्यक्ती समर्थ झाली म्हणजे साधन यशस्वी, असे माप लावले जाते. सर्जनशीलतेला हे माप अपुरे आहे. कारण कोणतीही कृती नवी ठरते ती इतर कृतींच्या शेजारी ठेवल्यावरच.

अनिल दोशी आणि ऑलिव्हर हाउझर यांचा २०२४ साली 'सायन्स ॲडव्हान्सेस'मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या दृष्टीने महत्त्वाचा आहे. सुमारे ३०० लेखकांना आठ वाक्यांची कथा लिहावयास सांगण्यात आले. एका गटाला कोणतेही साहाय्य नव्हते, दुसऱ्याला जीपीटी-४ ने सुचविलेली एक कल्पना घेता येत होती, तर तिसऱ्याला पाचांपर्यंत. साहाय्य उपलब्ध असलेल्यांच्या कथा परीक्षकांना अधिक सर्जनशील वाटल्या. विशेषतः मुळात कमी सर्जनशील ठरलेल्या लेखकांना त्याचा मोठा लाभ झाला, आणि हा लाभ तुच्छ लेखण्याजोगा नाही. परंतु याच कथा परस्परांशी अधिक मिळत्याजुळत्या निघाल्या. लेखक सरासरीने वर चढला आणि कथांचा समूह मात्र आक्रसला. आठ वाक्यांची कथा हा प्रकारच तोकडा (तेवढ्यात पात्राचे नाव सांगून होते, इतकेच) आणि कल्पना आरंभीच हाती दिलेली, हे आक्षेप रास्त आहेत. तरीही केवळ लेखकाचे समाधान मोजणाऱ्या अभ्यासात ही घट दिसलीच नसती.

चित्रकार हॅरल्ड कोहेन यांची 'आरॉन' ही आज्ञावली याउलट उभी आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभापासून २०१६ मधील मृत्यूपर्यंत ते तिच्यावर काम करीत राहिले. आरॉनच्या चित्रांतही साम्य आहे. पण नियम कोहेन यांनी स्वतः लिहिलेले असल्यामुळे ते एका कलावंताच्या शैलीचे साम्य आहे. असंख्य लेखक एकाच प्रारूपाकडे जातात तेव्हा निर्माण होणारे साम्य कोणाच्याच शैलीचे नसते. नियंत्रण कोणाकडे आहे, याबरोबरच साधन किती जणांत सामाईक आहे, हेही म्हणूनच पाहावे लागते.

राजशेखराने 'काव्यमीमांसे'त केलेला कारयित्री आणि भावयित्री प्रतिभेचा भेद येथे उपयोगी पडतो. पहिली कवीची, दुसरी रसिक-समीक्षकाची. सुचविलेल्या पाच कल्पनांतून एक उचलणारा लेखक कारयित्रीकडून भावयित्रीकडे सरकलेला असतो. ही अवनती मानण्याचे कारण नाही, कारण भावकालाही प्रतिभा लागतेच, हा या भेदाचाच अर्थ आहे. मात्र मग परीक्षा निवडीची व्हावयास हवी. कोणत्या कल्पना नाकारल्या गेल्या, किती वेळाने आणि कशाच्या बळावर, याची नोंद अंतिम कथेला दिलेल्या गुणांत कोठेही उमटत नाही. नवसंशोधकाने प्रयोगाची आखणी करताना ही नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावयास हवी. कथा पूर्ण झाल्यावर ती लेखकाच्या आठवणीतून मिळविता येत नाही.