सूचना, हरकती आणि बसचा मार्ग

मंडळी, 'प्रवाशांकडून सूचना व हरकती मागवण्यात येत आहेत' हे वाक्य आपण सगळ्यांनी वाचलेलं आहे. आज आपण या वाक्याची चिकित्सा करू, आणि उदाहरण घेऊ लंडनचं. कारण तिथे हे काम पुष्कळ नीट होतं. जिथे विचारतच नाहीत तिथे टीका करायला काय लागतं? नीट विचारूनही काय निसटतं, ते बघू या.

जून 2022 मध्ये 'ट्रान्सपोर्ट फॉर लंडन' या संस्थेने मध्य लंडनच्या बससेवेत मोठे बदल सुचवले. 78 मार्गांना त्याची झळ लागणार होती, काही तर सरळ बंदच व्हायचे होते. हॅम्पस्टेड हीथहून पिम्लिकोला जाणारा जुना 24 क्रमांकही त्या यादीत होता. कारण लपवलेलं नव्हतं: कोविडने तिजोरी रिकामी केली होती आणि केंद्र सरकारची मदत काटकसरीच्या अटीवर मिळत होती. लोकांपुढे नकाशे, मार्गवार माहिती, प्रश्नावली, सगळं यथासांग ठेवलं. 20,000 हून जास्त उत्तरं आली. नोव्हेंबरमध्ये महापौर सादिक खान यांनी जाहीर केलं की वर्षाला 2.5 कोटी पौंड जास्तीचे उभे करून बहुतेक बदल मागे घेत आहोत. 24 क्रमांक वाचला. वॉटर्लू ते व्हिक्टोरिया धावणारा 507 मात्र पुढच्या वर्षी गेला.

लोकांचं ऐकलं, असं आपण पटकन म्हणू. पण निर्णय फिरला कशामुळे? पैसे सापडल्यामुळे. तेच पैसे सापडले नसते, तर तीच उत्तरं कारणं म्हणून पुरली असती का? कोणी म्हणेल, उत्तरं आली म्हणून तर पैसे शोधले. शक्य आहे. पण मग खरोखर उघडा असलेला प्रश्न 'पैसा कुठून काढायचा' हा होता, आणि लोकांना विचारलं होतं ते 'या मार्गांचं काय करायचं' एवढंच.

दुसरी गोष्ट आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. प्रस्ताव मार्गाच्या भाषेत असतो, प्रवासी मात्र प्रवासाच्या भाषेत जगतो. बसकंपनी म्हणते, अमुक मार्ग बंद झाला तरी शेजारचा मार्ग आहे, एकदा बस बदलली की झालं. लंडनमध्ये तर तासाभरात कितीही बस बदलल्या तरी भाडं एकदाच कापतात. हिशेब चोख आहे! पण गुडघे धरलेली आजी दवाखान्याला जाते तेव्हा तिच्यासाठी 'एकदा बस बदलणं' म्हणजे दोनदा पायरी उतरणं-चढणं, पावसात थांबणं आणि दुसऱ्या बसमध्ये जागा मिळेल की नाही ही धाकधूक. टक्केवारीत ती 'थोड्या प्रवाशांत' मोजली जाते. शिवाय प्रश्नावली भरायला तिला सवड आणि सवय दोन्ही हवी. ज्याचं नुकसान जास्त त्याचा आवाज कमी, असं इथे पुष्कळदा होतं. म्हणून उत्तरांची संख्या मोजून भागत नाही. ही मतमोजणी नव्हे. एकाच उत्तरात असं कारण असू शकतं की ज्याने सगळा आराखडा फिरावा.

आपल्या न्यायदर्शनात चर्चेचे वाद, जल्प आणि वितंडा असे प्रकार केलेले आहेत. वादात सत्य शोधायचं असतं, त्यामुळे पूर्वपक्ष खरा ठरला तर आपला पक्ष सोडायची तयारी लागते. जल्पात नुसतं जिंकायचं असतं. बससंस्थांचे समारोपाचे अहवाल बघा: डावीकडे हरकत, उजवीकडे तिचं उत्तर, एकही हरकत अनुत्तरित नाही. हा बऱ्याचदा जल्प असतो, बरं का. इंग्लंडच्या न्यायालयाने 1985 साली, एका शाळाबंदीच्या प्रकरणात, सल्लामसलतीच्या चार कसोट्या मान्य केल्या. त्यातली पहिली हीच, की प्रस्ताव अजून घडत असतानाच विचारलं पाहिजे.

आणि आपल्याकडे? 1950 च्या दशकाच्या अखेरीस आंध्रातल्या बसमार्गांच्या राष्ट्रीयीकरणाचं गुल्लापल्ली नागेश्वर राव प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. खासगी बसमालकांच्या हरकती ऐकल्या खात्याच्या सचिवांनी, निर्णय दिला मुख्यमंत्र्यांनी. न्यायालय म्हणालं, ऐकणारा एक आणि ठरवणारा दुसरा असेल तर सुनावणी पोकळ आहे. तत्त्वज्ञानाच्या वर्गात हा निकाल शिकवायला हवा. लंडनच्या प्रश्नावलीलाही तो लावून बघा: उत्तरं वाचून सारांश करणारे वेगळे, ठरवणारे वेगळे.

1988 च्या मोटार वाहन कायद्यातही 30 दिवसांत कोणीही हरकत घेऊ शकतो अशी तरतूद आहे. पण ती खासगी बसवाल्यांना वगळून मार्ग सरकारी उपक्रमाकडे देण्याच्या योजनेसाठी. फेरी कमी करायची, थांबा हलवायचा, तर तिची गरज पडत नाही. मुंबईत ही उणीव 'बेस्ट' समिती काही प्रमाणात भरून काढायची. नगरसेवक निदान आपल्या वॉर्डातली बस का बंद केली म्हणून भांडायचे. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली, निवडणुका लांबल्या, आणि मे 2025 मध्ये किमान भाडं 5 रुपयांवरून 10 रुपये झालं तेव्हा निवडून आलेली समितीच नव्हती. लंडनच्या प्रश्नावलीला आपण आज जी नावं ठेवली, ती ठेवायला इथे प्रश्नावली तरी कुठे होती?