'स्मृतिचित्रां'तील नीतिविचार : दयेचे बळ आणि तिची मर्यादा

लक्ष्मीबाई टिळक यांची 'स्मृतिचित्रे' 1934 ते 1936 या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. या ग्रंथाचा विचार आजवर प्रायः दोन अंगांनी होत आला आहे. एक, रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या धर्मांतराचा साक्षीदार म्हणून. आणि दुसरे, निर्व्याज विनोदाचा उत्कृष्ट नमुना म्हणून. या दोन्ही दृष्टींत ग्रंथातील नीतिविचार काहीसा बाजूला पडतो.

गिरिप्रवचनातील अप्रतिकाराचे तत्त्व टॉलस्टॉयने राज्यसंस्थेला लावले, गांधीजींनी ते राजकीय लढ्यात आणले. लक्ष्मीबाईंच्या ग्रंथात ते स्वयंपाकघरात उतरते. तथापि ते तेथे उपदेशरूपाने येत नाही. वडिलांचे सोवळे हे या ग्रंथातील हिंसेचे पहिले रूप होय. मीठ-गुळापर्यंत सारे धुऊन घेणाऱ्या त्या सोवळ्यात कोणावर शस्त्र उगारलेले नाही; परंतु घरातील प्रत्येक जीव त्याखाली भरडून निघतो. माणसाच्या स्पर्शाचे भय हेच या हिंसेचे मूळ, हे लेखिका कोठेही सूत्ररूपाने सांगत नाही. प्रसंगच ते सांगतात.

म्हणूनच त्यांच्या स्वतःच्या परिवर्तनाचा क्रम विशेष लक्षणीय आहे. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये. मधल्या काळात विरह झाला, पुन्हा एकत्र येणे झाले, आणि एकत्र आल्यावरही वेगळी चूल राहिली. जातिभेद मनुष्यनिर्मित आहे हा निर्णय त्यांनी बाप्तिस्म्यापूर्वीच, स्वतःच्या विचाराने घेतला. येथे आचार आधी बदलतो, धर्मनाम नंतर येते. पुढे प्लेगच्या दिवसांतील शुश्रूषा किंवा निराधार मुलांना दिलेला आसरा ही या निर्णयाची स्वाभाविक परिणती ठरते. परोपकाराचा अभिनिवेश तीत नाही. घरात आणखी एक पान वाढावे इतक्या सहजतेने ती घडते.

या सहजतेतच एक अडचण दडलेली आहे. टिळकांचा शीघ्रकोप, त्यांचा लहरी दानशूरपणा आणि त्यातून पत्नीच्या वाट्याला आलेली ससेहोलपट यांवर लेखिका हसते व वाचकालाही हसविते. हे हास्य क्षमेचे आहे, यात संशय नाही. परंतु क्षमा करणारी नेहमी एकच असावी आणि क्षमेचा लाभ घेणारा नेहमी दुसराच असावा, ही व्यवस्था न्याय्य म्हणता येणार नाही. विनोदाच्या स्तुतीत रमलेल्या समीक्षेने हा प्रश्न क्वचितच विचारला. ग्रंथ मात्र तो लपवीत नाही. दुःखाचा तपशील लेखिकेने कोठेही गाळलेला नाही, केवळ त्याचा सूड घेतलेला नाही.

दयेची ही मर्यादा घराबाहेर अधिक स्पष्ट होते. सोलापूरनजीकच्या वळसंग गावी 1937 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते दलितांच्या विहिरीचे उद्घाटन झाले. लक्ष्मीबाईंच्या निधनानंतरच्याच वर्षीची ही घटना. ग्रंथ आणि विहीर यांचा प्रत्यक्ष संबंध काही नाही. तरी दोहोंतील प्रश्न एकच आहे. 'स्मृतिचित्रां'त सोवळे टाकणारी व्यक्ती स्वतःच्या मनाशी झगडून दुसऱ्याच्या हातचे पाणी पिते. वळसंगला ज्यांच्या हातचे पाणी नाकारले गेले, तेच आपल्या पाण्याचा हक्क उभा करतात. पहिल्या कृतीवाचून मने बदलत नाहीत. दुसरीवाचून तहानलेल्याला दुसऱ्याच्या मनःपरिवर्तनाची वाट पाहत बसावे लागते.

तात्पर्य, 'स्मृतिचित्रे' हा ख्रिस्ती नीतीचा प्रबंध नव्हे. ती नीती एका घरात जगून पाहताना काय मिळाले आणि काय सोसावे लागले, याचा तो प्रांजळ हिशेब आहे. त्याचे वाङ्मयीन मोठेपण विनोदात आहे हे खरेच. परंतु तो विनोद कोणाच्या सोसण्यावर उभा आहे, हे ध्यानात घेतल्यावाचून त्या मोठेपणाचे पुरते माप होणार नाही.