‘श्यामची आई’ : लोककथेतील सत्-असत् आणि कादंबरीतील माणसे

लोककथेचे नैतिक विश्व सुटसुटीत असते. आवडती राणी दुष्ट, नावडती सोशिक. राक्षसाचा प्राण सातासमुद्रांपलीकडील पोपटात. तो पोपट मारला की असत् संपते आणि राज्य सुखी होते. तेथे चांगले आणि वाईट एकाच देहात कधीच एकत्र नांदत नाहीत. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ची गणना पुष्कळदा याच जातीच्या बाळबोध कथनात केली जाते. बेचाळीस रात्रींची योजना, सांगणारा व ऐकणारे यांची बैठक आणि मूर्तिमंत वात्सल्य अशी आई, ही लक्षणे या मताला पोषक आहेत. परंतु या मतापुढे एक प्रश्न उभा राहतो : या कथेतील राक्षस कोणता?

तो शोधू गेल्यास प्रथम श्यामच सापडतो. पुस्तकांच्या ओढीने तो पाहुण्याचे पैसे चोरतो. लोककथेत दुष्कृत्य दुष्टाच्याच हातून घडते. येथे ते मोठे होण्याच्या सदिच्छेतून घडते. आईही निव्वळ परी नव्हे. पोहायला जाण्याच्या भीतीने लपून बसलेल्या मुलाला ती फटके मारते, आणि मागाहून तीच कळवळते. अळणी भाजी बायकोला वाईट वाटू नये म्हणून निमूटपणे खाणारे वडील आणि वडिलार्जित जमिनीचा मोह न सुटल्याने कर्जात रुतत जाणारे वडील हे एकच गृहस्थ आहेत.

या दृष्टीची पार्श्वभूमी खानदेशात आढळते. १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. मुलांचे लहानसहान अपराध त्यांच्या नित्य परिचयाचे होते. १९३२ मध्ये धुळे येथील तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली व ती गुरुजींनी लिहून घेतली. सोळाव्या अध्यायातील दैवी व आसुरी संपत्तीचा झगडा मनुष्याच्या अंतःकरणातही चालतो, असे विवेचन तेथे आहे. पुढे आठ महिन्यांनी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली गेली. एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही; तथापि दोन्ही ठिकाणी युद्धभूमी एकच आहे, हे नाकारता येत नाही.

मात्र सारेच असत् मनात सामावत नाही. उत्तरार्धात घरावर कर्जाची छाया पडते. वसुलीसाठी दारात बसून घराची अब्रू काढणारा माणूस निष्ठुर खरा, पण तो दुसऱ्याचा चाकर आहे. कर्जाला देह नाही, त्याचा प्राण कोणत्याही पोपटात नाही. म्हणून त्याचा वध करता येत नाही. आई झिजत जाते, आणि अखेरच्या क्षणी श्याम तिच्याजवळ नसतो. लोककथेचा सुखान्त येथे अशक्य ठरतो, याचे कारण हेच होय.

आणि येथेच या कादंबरीची मर्यादाही दिसते. अस्पृश्य मानलेल्या वृद्धेची मोळी उचलून देण्यास आई श्यामला सांगते. पण नंतर स्नान करावयासही सांगते. तिची करुणा खरी आहे आणि रूढीही तिच्याच मुखातून बोलते. अंतःकरणशुद्धीने माणूस मोळीला हात लावण्यापर्यंत येतो. स्नानाची अट मोडण्यास केवळ तेवढी शुद्धी पुरत नाही. याच गुरुजींनी १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले, ही घटना या संदर्भात बोलकी आहे. आईने जेथे पाऊल थांबविले, तेथून लेखकाला पुढे जावे लागले. आईला केवळ देवता मानणारे वाचन या प्रसंगातील स्नान विसरते, आणि त्याबरोबर त्या पुढच्या पावलाचे मोलही विसरते.