मध्यंतरापर्यंतचं बालपण

मराठी सिनेमात मूल आलं की त्याच्या घरात एखादी अडचण आधीच येऊन बसलेली असते. बाप गेलेला असतो, कर्ज थकलेलं असतं, नाहीतर बैल विकायला निघालेला असतो. पोरं हुंदडतात, पण मध्यंतरापर्यंत. पुढे रडायचं असतं.

आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'त (1953) मूल संस्कारांसाठी होतं. गेल्या वीसेक वर्षांत ते दुःखाचं साक्षीदार झालं. संदीप सावंत यांच्या 'श्वास'मध्ये (2004) डोळ्याच्या कॅन्सरमुळे परशाची दृष्टी जाणार असते, म्हणून शस्त्रक्रियेआधी आजोबा त्याला हॉस्पिटलातून गुपचूप बाहेर काढून शहर हिंडवतात. परशाची त्या दिवसातली मौज अस्सल आहे, पण आपण ती आजोबांच्या नजरेतून बघतो. पोरगं खुशीत आणि आपला घसा दाटलेला. सिनेमा मोठाच आहे, पण नंतरच्या अनेकांनी त्यातून नेमका हा दाटलेला घसा उचलला. 'टिंग्या'तलं (2008) पोराचं चितंग्या बैलावरचं प्रेम शेवटी शेतकऱ्याच्या कर्जाची गोष्ट सांगायला कामी येतं. 'नाळ'चा (2018) पहिला भाग चैत्याच्या उनाडक्यांनी कसा भरलेला आहे! तो दत्तक असल्याचं कळलं, की सिनेमाचं खेळातलं लक्षच उडतं.

'फँड्री'वर (2013) मात्र हा आक्षेप लागू पडत नाही. जत्रेत नाचावं आणि शालूने बघावं, एवढीच जब्याची हौस; वाट्याला येतं ते डोक्यावर बत्ती घेऊन उभं राहणं. नागराज मंजुळे यांनी ती हौस दुःखाची पूर्वतयारी म्हणून वापरलेली नाही. कैकाडी पोराला साधी हौसही करू दिली जात नाही, हाच तिथला विषय आहे.

परेश मोकाशी यांच्या 'एलिझाबेथ एकादशी'चं (2014) कौतुक मला अधिक वाटतं, कारण तिथेही वडील गेलेले आहेत, बँकेचा हप्ता थकलेला आहे, सायकल विकायची पाळी आलेली आहे, म्हणजे रडण्याचं सगळं सामान तयार आहे. तरी ज्ञानेश, झेंडू आणि गण्या रडत बसत नाहीत. पंढरपुरात कार्तिकीची गर्दी लोटलेली असते आणि पोरं घरी पत्ता लागू न देता बांगड्यांचं दुकान थाटतात. चिमुरडी झेंडू, कढईतून आत्ताच काढलेल्या भज्यांसारख्या गरम आहेत असं ओरडत बांगड्या विकते. या ओरडण्यात विक्रीची अक्कल शून्य आणि उत्साह उतू चाललेला. गण्याच्या तोंडात शिव्या आहेत, त्या कुणी धुऊन काढलेल्या नाहीत. पैशाची निकड खरी आहे, पण ती निकडच पोरांना नवा खेळ देते. गरिबी आणि गंमत एका घरात नांदू शकतात, हे आपल्या दिग्दर्शकांना एवढं अवघड का वाटावं, कोण जाणे.

अविनाश अरुण यांच्या 'किल्ला'ला 2014 मध्ये बर्लिन महोत्सवात मुलांच्या परीक्षक मंडळाने क्रिस्टल बेअर दिलं. वडील गेल्यावर आईच्या बदलीमुळे कोकणात आलेल्या चिन्मयची ही गोष्ट. भर पावसात किल्ल्यावर तो एकटा पडतो, मित्र निघून गेलेले. त्याच्या हाकांमधली भीती अंगावर येते. पण मला चिन्मयपेक्षा बंड्या जास्त आठवतो. आगाऊ, तोंडाळ, अभ्यासाच्या नावाने बोंब. त्याला सिनेमाने कसलंही दुःख चिकटवलेलं नाही. पार्थ भालेरावने त्याला असा मोकळा सोडलाय की तो पडद्यावर आला की थेटर हसतं. तरीही गोष्ट चिन्मयचीच राहते, कारण रडायचं कारण त्याच्याकडे आहे. बंड्यांना आपल्याकडे अजून तरी नायकाच्या मित्राचंच काम मिळतं.