पदर उलटा करून बघा: जाहिरातीतला दावा आणि सिनॉप्सिसमधला दावा

"अस्सल पैठणी. शुद्ध रेशीम. हातमागाची. थेट विणकराकडून. लग्नसराईनिमित्त खास सवलत, साठा मर्यादित."

हा मजकूर कुठल्या एका दुकानाचा नाही. अनेक जाहिरातींवरून मी केलेला नमुना आहे. पैठण आपल्यापासून साधारण 50 किलोमीटरवर, त्यामुळे लग्नसराईत उस्मानपुऱ्यात राहणाऱ्याला असा मजकूर फलकावर नाहीतर घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भेटतोच. आज त्याचं परीक्षण करू. पेट पास होऊन सिनॉप्सिस लिहायला बसलेल्यांनी तो जरूर वाचावा, कारण आपल्या सिनॉप्सिसचा पहिला परिच्छेद बरेचदा याच भाषेत असतो.

पहिली अडचण. वाचताना हा एकच दावा वाटतो, पण आत तीन आहेत. धागा रेशमाचा आहे, हा एक. विणकाम हातमागावर झालंय, हा दुसरा. आणि विणण्याची पद्धत पैठणीची आहे, हा तिसरा. तिघांचा पुरावा वेगवेगळा लागतो. केंद्रीय रेशीम मंडळाने 2004 मध्ये आणलेलं सिल्क मार्क लेबल फक्त धाग्याबद्दल बोलतं. यंत्रमागावरची साडीसुद्धा शुद्ध रेशमाची असू शकते. हातमागासाठी 2006 पासून हँडलूम मार्क वेगळा आहे. धागा जाळून बघण्याची घरगुती चाचणीही तेवढीच मर्यादित: रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरडते, पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते. यातून तंतू कळला. माग कुठला होता, हे कळलं नाही.

आता तिसरा दावा. पारंपरिक पैठणीच्या पदरावरचा मोर किंवा मुनिया वेगवेगळ्या रंगांच्या छोट्या कांड्यांनी विणतात. प्रत्येक रंगाचा आडवा धागा आपल्या नक्षीपुरताच जातो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकतो आणि मागे फिरतो. त्यामुळे पदर दोन्ही बाजूंनी जवळपास सारखा दिसतो. जॅकार्डवर काढलेल्या नक्षीत जादा धागा पाठीमागून पुढच्या नक्षीपर्यंत जातो, म्हणून मागे सुटे किंवा कापलेले धागे दिसतात.

म्हणजे "पदर उलटा करून बघा" या चार शब्दांत ग्राहकाच्या हातात चाचणी येते. पण इथे एक घाई होते. मागे धागे दिसले म्हणजे साडी यंत्रमागाचीच, असं अनेक जण सांगतात. ते बरोबर नाही. जॅकार्ड हातमागावरही बसवता येतो. ही चाचणी नक्षीची पद्धत ओळखते, मागाची वीज नाही. चाचणी नेमकं काय मोजते आणि आपण त्यातून काय काढतो, यातलं अंतर तुमच्या व्हायव्हात पहिल्यांदा विचारलं जाईल.

यावर उत्तर ठरलेलं असतं: "दुकानदाराला साडी विकायची आहे, पेपर लिहायचा नाही." मान्य. पण विशेषणांनी विक्री तरी होते का? जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावरून दाखवलं, की चांगला माल आणि वाईट माल ग्राहकाला वेगळा ओळखता आला नाही, तर तो दोन्हींना सरासरी भाव देतो आणि चांगला माल बाजारातून हटतो. सगळ्याच साड्यांवर "अस्सल" लिहिलं, की हा शब्द काहीच सांगत नाही. मग कित्येक आठवडे मागावर बसलेल्या विणकराने जास्त दाम कशाच्या जोरावर मागायचा? नुकसान भाषेचं तर आहेच, पण त्याच्या मजुरीचंही आहे.

जाहिरातीला शास्त्र म्हणणारे लोकही जुने आहेत. क्लॉड हॉपकिन्स या अमेरिकन जाहिरात लेखकाचं 'सायंटिफिक अ‍ॅडव्हर्टायझिंग' 1923 मध्ये आलं. कूपनवर खूण टाकायची, कुठल्या मजकुरातून किती कूपनं परत आली ते मोजायचं आणि मोघम विशेषणांऐवजी नेमकी माहिती द्यायची, हा त्यांचा आग्रह. तो मला पटतो. पण कूपन मोजून कुठला मजकूर जास्त चालला ते कळतं, कुठला खरा ते नाही. शिवाय श्लिट्झ बिअरसाठी त्यांनी बाटल्या कशा स्वच्छ करतात, बिअर किती शुद्ध राखतात याचं बारकाईने वर्णन केलं. माहिती खरी होती, पण बाकीचे बिअरवालेही तेच करत होते. वाचणाऱ्याला मात्र ते एकट्या श्लिट्झचं वैशिष्ट्य वाटलं. आपल्या भाषेत, कंट्रोल न दाखवता निष्कर्ष काढायला लावला.

मी तोच नमुना असा लिहीन: "पदर हातमागावर, कांड्यांनी विणलेला. उलटा करून बघा. अंगावरचे बुट्टे जॅकार्डचे आहेत, म्हणून किंमत कमी. रेशमाला सिल्क मार्क आहे. जरी चांदीची नाही." (अर्थात हे सगळं त्या साडीबाबत खरं असेल तरच.) यात दोन वाक्यं विक्रेत्याच्या विरोधात जातात आणि त्यांच्यामुळेच उरलेल्यांवर विश्वास बसतो. लहान दुकानाला हे मोठ्या शोरूमपेक्षा सोपं आहे, कारण साडी आणि ग्राहक दोघं समोर असतात.

आता तुमच्या सिनॉप्सिसकडे या. समजा तुम्ही लिहिलंय: "प्रस्तुत संशोधनात स्वस्त, कार्यक्षम व पर्यावरणपूरक उत्प्रेरक विकसित केला जाईल." हेही "अस्सल, शुद्ध, हातमागाची"च झालं. स्वस्त म्हणजे एका ग्रॅमला किती खर्च आणि कशाच्या तुलनेत? कार्यक्षम म्हणजे त्याच तापमानाला, तेवढ्याच वेळात आजच्या उत्प्रेरकापेक्षा किती जास्त उत्पादन? पर्यावरणपूरक म्हणजे कुठलं द्रावक टाळलं, किती कचरा कमी झाला? आणि उत्प्रेरक न टाकता नुसत्या उष्णतेने अभिक्रिया किती होते, ते दाखवणार आहात का? नसेल, तर तुमची श्लिट्झ झाली.

आज एवढं करा. सिनॉप्सिसचं पहिलं पान काढा आणि प्रत्येक विशेषणाखाली रेघ मारा. प्रत्येकासमोर लिहा: कुठल्या मोजमापाने हे खोटं ठरेल? ज्याच्यासमोर काहीच लिहिता येत नाही, ते विशेषण खोडून टाका. मग उरलेलं पान गाईडना दाखवा.