काळ्या बांधणीतला अहवाल

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प-अहवाल हा गद्यप्रकार आहे, असं म्हटलं तर समीक्षक हसतील. पण आपल्याकडच्या कितीतरी तरुणांनी आयुष्यात लिहिलेलं सर्वांत लांब गद्य तेच असतं. ते इंग्रजीत असतं, ही गोष्ट वेगळी. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, आत सर्टिफिकेट, आभार, आणि प्रकल्प 'स्पॉन्सर्ड' असेल तर कंपनीच्या लेटरहेडवरचं पत्र.

या 'स्पॉन्सर्ड' शब्दाचं वजन तपासायला थोडं दूर जावं लागतं. कॅलिफोर्नियातल्या क्लेअरमाँट गावी, हार्वे मड कॉलेजात, १९६३ साली जॅक आल्फर्ड आणि मॅक गिल्केसन या प्राध्यापकांनी 'इंजिनिअरिंग क्लिनिक' सुरू केलं. नाव वैद्यकातून घेतलं. डॉक्टरकीचा विद्यार्थी खऱ्या रुग्णापाशी शिकतो, तसा इंजिनिअर खऱ्या, न सुटलेल्या प्रश्नापाशी. चार-पाच जणांचा गट, कंपनीचा एक संपर्क अधिकारी, आणि मुख्य म्हणजे कंपनी कॉलेजला शुल्क देते. माझ्या मते सगळी मेख इथे आहे. पैसे मोजलेला माणूस उत्तराची वाट पाहतो.

आपल्याकडे भोसरी, चाकण, अंबडच्या कारखान्यांतून बरेचदा मिळतं ते पत्र आणि एक-दोन भेटींची परवानगी. खर्च मुलांच्या आईबापांचा. ज्याच्या उत्तरावाचून कुणाचं अडलेलं नाही, असा प्रश्न मुलांपुढे सरकवला जातो. (अपवाद आहेत. सुपरवायझर स्वतःच अडलेला असेल तर तो मुलांना मशीनपाशी उभं करतो, आणि काम निराळंच होतं.)

रद्दीवाल्याकडून किलोच्या भावाने आणून मी असे पुष्कळ अहवाल वाचले. त्यांत सगळं कर्मणी प्रयोगात घडतं: फिक्स्चर बनवण्यात आलं, सुधारणा आढळून आली. कर्ता गायब. त्या फिक्स्चरमध्ये आठ तास जॉब लावणारा ऑपरेटर काय म्हणाला, जॉब कुठे सरकतो, अंगठा कुठे दुखतो, याची एक ओळ नाही. निष्कर्षात सारं गोड. खरं काय झालं ते मला सापडलं शेवटच्या 'फ्युचर स्कोप'मध्ये. 'प्रत्यक्ष उत्पादनात चाचणी घेता येईल' म्हणजे घेतली नाही. 'जास्त जाडीची प्लेट वापरता येईल' म्हणजे होती ती वाकली. हे पान उलटं वाचायची सवय करावी लागते.

वाकली, असं सरळ का लिहू नये? अमेरिकेतली मानांकन संस्था एबेट शेवटच्या मोठ्या डिझाइन-अनुभवात मानकं आणि अनेक मर्यादा यांचा विचार मागते. यंत्र चाललंच पाहिजे, असं म्हणत नाही. आपल्या मुलाला मात्र बाहेरचा परीक्षक दिसत असतो, आणि कंपनीला दिलेला शब्द.

क्लिनिकही निर्मळ नाही. तिथे निष्पन्नाची मालकी पैसे देणाऱ्याकडे जाते. वर्षाअखेरीस जाहीर सादरीकरण होतं, पण नेमकी मोलाची गोष्ट प्रायोजकाच्या कपाटात जाऊ शकते. आपला अहवाल ग्रंथालयात कुणालाही उघडा, पण उघडून पाहावं असं आत थोडंच. दोन्हीकडे पुढच्या वर्षीचा विद्यार्थी रिकाम्या हातानेच सुरुवात करतो.

एका अहवालाच्या परिशिष्टात, चुकून असेल, लॉगशीटची झेरॉक्स जोडलेली होती. ऑपरेटरच्या अक्षरात तीन नोंदी: 'पट्टी सैल. टाइट केली. परत सैल.' मूळ मजकुराच्या ऐंशी पानांत त्या पट्टीचा उल्लेख नाही.